गर्भपाताचे राज्यकायदे आणि कॅथलिक रुग्णालयाचे दार

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी ‘डॉब्ज’ खटल्याचा निकाल जाहीर केला तेव्हा जगभरच्या कॅथलिक वर्तुळात समाधानाची लाट उसळली. ‘रो विरुद्ध वेड’ या २२ जानेवारी १९७३ च्या निवाड्याने गर्भपाताला दिलेले घटनात्मक संरक्षण जवळजवळ अर्ध्या शतकानंतर रद्द झाले होते. योगायोग असा की, त्या वर्षी तो दिवस येशूच्या परमपवित्र हृदयाच्या सणाचा होता. आपल्याकडील अनेक धर्मग्रामांतही त्या सणाच्या प्रवचनांत या निकालाचा आनंदाने उल्लेख झाला असणार. आनंद होणे स्वाभाविकच होते. परंतु निकालाने नेमके काय केले याकडे त्या उत्साहात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. न्यायालयाने गर्भपात बेकायदा ठरवला नव्हता. हा प्रश्न लोकांनी आणि त्यांच्या निर्वाचित प्रतिनिधींनी सोडवावा, एवढेच म्हणून तो पन्नास राज्यांच्या दारात आणून ठेवला होता.

राज्यांनी त्याचे काय केले हे आता आपल्यापुढे आहे. दक्षिणेतील व मध्यभागातील डझनभराहून अधिक राज्यांनी गर्भपातावर संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. बाकीच्यांपैकी अनेक राज्यांनी नेमकी उलट वाट धरली. पूर्वी कधी नव्हती एवढी भक्कम तटबंदी त्यांनी गर्भपाताच्या हक्काभोवती उभारली आहे. बंदी घालणाऱ्या राज्यांविषयी आपल्या वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून येते. आम्हाला या लेखात दुसऱ्या गटाकडे पाहावयाचे आहे. कारण कॅथलिक रुग्णालये, कॅथलिक संस्था आणि त्यांत काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांपुढे खरा पेच तेथे उभा राहिला आहे.

प्रथम शब्दांविषयी. या राज्यांच्या कायद्यांत ‘गर्भपात’ हा शब्द एकटा क्वचितच येतो. ‘प्रजनन आरोग्यसेवा’ असा एक सौम्य, व्यापक शब्दप्रयोग त्यांत रुळला आहे. बाळंतपण, गर्भनिरोधन, वंध्यत्वावरील उपचार, आपोआप गर्भ पडल्यानंतरची शुश्रूषा आणि हेतुपुरस्सर केलेला गर्भपात या सर्वांना त्या एका गाठोड्यात बांधले जाते. अशी गाठोडी राजकारणाला सोयीची असतात. ज्याला बाळंतिणीची काळजी आहे त्याने गाठोड्यातील बाकीचे सारेही पत्करावे आणि ज्याला त्यातील एका वस्तूवर आक्षेप आहे त्याने बाळंतिणीचा वैरी म्हणवून घ्यावे, अशी ही योजना आहे. मात्र विरुद्ध बाजूनेही असेच एक गाठोडे बांधले गेले हे आम्हाला मान्य केले पाहिजे. घाईघाईने केलेल्या काही बंदी-कायद्यांची भाषा इतकी ढोबळ होती की, गर्भ आपोआप पडत असलेल्या स्त्रीवर हात घालतानाही डॉक्टरांना आधी वकिलाला विचारावे लागले.

राज्यांनी उभारलेल्या तटबंदीचा पहिला कोट राज्यघटनेचा आहे. कॅन्सस हे परंपरेने रिपब्लिकन पक्षाचे राज्य. तेथे २ ऑगस्ट २०२२ रोजी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेतून वगळण्याची दुरुस्ती मतदानाला आली. स्थानिक आर्चडायसिसने त्या प्रचारासाठी २० लाख डॉलरहून अधिक निधी दिला. सुमारे ५९ टक्के मतदारांनी दुरुस्ती फेटाळली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅलिफोर्निया, मिशिगन आणि व्हर्मॉन्ट या राज्यांनी हा हक्क आपल्या घटनेत लिहून घेतला. २०२३ मध्ये ओहायोने तेच केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा राज्यांत मतदान झाले आणि ॲरिझोना, कोलोरॅडो, मेरीलँड, मिसुरी, मोंटाना, नेवाडा व न्यूयॉर्क या सात राज्यांत हक्काच्या बाजूने कौल पडला. फ्लोरिडात सुमारे ५७ टक्के मते मिळूनही ठराव पडला, कारण तेथे ६० टक्क्यांची अट आहे. दक्षिण डाकोटा आणि नेब्रास्का येथेही तो फेटाळला गेला.

या आकड्यांत आम्हाला सर्वांत बोचतो तो आकडा कोणत्याही राज्याच्या निकालात नाही. प्यू संशोधन संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत, गर्भपात सर्व किंवा बहुतेक प्रसंगी कायदेशीर असावा असे म्हणणाऱ्या अमेरिकन कॅथलिकांचे प्रमाण दहापैकी सहाच्या आसपास होते. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकल आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांची नावे या कायद्यांशी जोडली गेली; दोघेही कॅथलिक घरांत वाढलेले आहेत. म्हणजे ही ख्रिस्तसभा एकीकडे आणि ‘जग’ दुसरीकडे अशी लढाई नाही. पन्नास वर्षे न्यायालयाचा निकाल बदलण्यासाठी जी शक्ती खर्ची पडली तिचा निम्मा भाग जरी आपल्याच मंडळीचे मन वळवण्यासाठी वापरला गेला असता तर कॅन्ससचा निकाल इतका अनपेक्षित वाटला नसता, असे आमचे मत आहे.

दुसरा कोट अधिक नवलाचा आहे. त्याला तेथे ‘ढाल कायदे’ म्हणतात. पहिला कायदा कनेटिकटने २०२२ मध्ये, ‘डॉब्ज’चा निकाल येण्याआधीच संमत केला. एखाद्या स्त्रीने बंदी असलेल्या राज्यातून येऊन आपल्या राज्यात गर्भपात करवून घेतला, आणि तिच्या राज्याने डॉक्टरवर खटला भरला, तर आपले राज्य त्या डॉक्टरला स्वाधीन करणार नाही, आपली न्यायालये समन्स बजावणार नाहीत, आपले पोलीस तपासाला साहाय्य करणार नाहीत आणि वैद्यकीय परवान्यालाही धक्का लागणार नाही, असे त्यांचे स्वरूप आहे. आज दीड डझन राज्यांत असे कायदे आहेत. मॅसॅच्युसेट्स, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आदी आठ राज्ये आणखी एक पाऊल पुढे गेली. डॉक्टर आपल्याच राज्यात बसून दूरध्वनीवर वा संगणकावर दुसऱ्या राज्यातील स्त्रीला सल्ला देतो, गोळ्या टपालाने रवाना होतात आणि तरीही ढाल डॉक्टरच्या पाठीशी उभी राहते.

डिसेंबर २०२४ मध्ये टेक्ससने न्यूयॉर्कमधील एका डॉक्टरवर दिवाणी दावा लावला. जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानाने त्याच डॉक्टरवर फौजदारी आरोप ठेवले. गव्हर्नर होकल यांनी प्रत्यार्पणास नकार दिला. टेक्ससच्या न्यायालयाने ठोठावलेल्या दंडाचा हुकूमनामा न्यूयॉर्कमधील एका काउंटीच्या दप्तरात दाखल करून घेण्यासही तेथील अधिकाऱ्याने नकार दिला. एका राज्याच्या न्यायनिर्णयाला दुसऱ्या राज्याने पूर्ण मान द्यावा, असे अमेरिकेची घटना सांगते. तिची ही उघड कसोटी आहे. इतिहास जाणणाऱ्यांना येथे १८५० च्या आसपासची वर्षे आठवतील. दक्षिणेतून पळून आलेल्या गुलामांना परत करण्यास उत्तरेकडील राज्यांनी असेच कायदे करून नकार दिला होता. ढाल कायद्यांचे पुरस्कर्ते हा दाखला अभिमानाने देतात. तो आम्हाला पुरता पटत नाही. त्या काळी उत्तरेने ज्याला आश्रय दिला तो माणूस बोलू शकत होता, स्वतःची कैफियत मांडू शकत होता. येथे ज्याच्या वतीने कोणीच बोलत नाही असा एक तिसरा जीव आहे, आणि त्याची गणती उत्तर-दक्षिण कोणत्याच राज्याच्या हिशेबात नीटशी होत नाही.

टेक्ससने त्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये नवा कायदा करून, गोळ्या पाठवणाऱ्यांवर कोणाही खासगी व्यक्तीला किमान एक लाख डॉलरचा दावा लावता येईल अशी तरतूद केली. ढालीला भाला, असा हा प्रकार आहे.

गोळ्यांचा उल्लेख आला आहे तर तेही सांगून टाकू. ‘मिफेप्रिस्टोन’ या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली मान्यता दिली. त्यावर बंदी येईल अशा भीतीने वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये ३० हजार मात्रांचा साठा करून ठेवला. मॅसॅच्युसेट्सनेही तसेच केले. या औषधाविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये एकमताने निकाली काढला, परंतु तो फिर्यादींना दावा करण्याचा अधिकारच पोहोचत नाही या मुद्द्यावर. औषधाच्या गुणदोषांवर नव्हे. आणि या साऱ्या खटाटोपाचे फलित? गुटमाकर संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत दहा लाखांहून अधिक गर्भपात झाले. ‘डॉब्ज’पूर्वीच्या दशकातही हा आकडा इतका वर गेला नव्हता. कायद्याने बंदी घातली म्हणजे जीव वाचले, असे समीकरण मांडणाऱ्यांनी या आकड्यापुढे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे.

अलाबामाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती या गाठोड्याचे दुसरे टोक दाखवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेले भ्रूण हेदेखील कायद्याच्या दृष्टीने ‘मूल’ आहे असा निर्णय दिला. चर्चच्या शिकवणीशी तो जवळचा होता. १९८७ मधील ‘दोनुम व्हिते’ आणि २००८ मधील ‘दिग्नितास पेर्सोने’ या दस्तऐवजांनी भ्रूणाच्या प्रतिष्ठेविषयी स्पष्ट भूमिका मांडलेली आहे. परंतु वंध्यत्व-उपचार केंद्रे धडाधड बंद होऊ लागताच, गर्भपातबंदीचा अभिमान बाळगणाऱ्या त्याच राज्याच्या विधिमंडळाने तीन आठवड्यांच्या आत केंद्रांना कायदेशीर संरक्षण देणारा कायदा केला. ६ मार्च २०२४ रोजी गव्हर्नरांची त्यावर स्वाक्षरीही झाली. गर्भपाताच्या प्रश्नावर ज्यांची भाषा ठाम असते तेही मतदारांच्या सोयीचा प्रश्न येताच किती मवाळ होतात हे त्यावरून कळून येते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला हम्बोल्ट नावाचा दुर्गम जिल्हा आहे. तेथील युरेका शहरातील सेंट जोसेफ रुग्णालयाविरुद्ध राज्याचे महाधिवक्ता रॉब बोंटा यांनी ३० सप्टेंबर २०२४ रोजी दावा दाखल केला. दाव्यातील कथन असे: त्या वर्षी फेब्रुवारीत पंधरा आठवड्यांची गरोदर असलेली, जुळ्यांची माता होऊ घातलेली एक स्त्री वेळेआधीच गर्भजल वाहू लागल्याने रुग्णालयात आली. जुळी वाचण्याची शक्यता नव्हती. रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका होता. परंतु गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकू येत असल्याने, आणि तिचा स्वतःचा जीव ‘पुरेसा’ धोक्यात आलेला नसल्याने, रुग्णालयाच्या धोरणानुसार हस्तक्षेप करता येत नाही असे तिला सांगण्यात आले. एक बादली आणि काही टॉवेल देऊन तिला सुमारे बारा मैलांवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठवण्यात आले. हे आरोप आहेत, आणि आरोप म्हणूनच ते वाचावेत. मात्र खटला चालू असेपर्यंत राज्याच्या आपत्कालीन कायद्याचे पालन करण्याचे रुग्णालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयात मान्य केले, ही नोंद आहे. आणि आणखी एक: ज्या दुसऱ्या रुग्णालयाकडे ती गेली तेथील प्रसूती विभाग त्याच ऑक्टोबरअखेर बंद झाला. त्यानंतर त्या जिल्ह्यातील बाळंतिणींसाठी कॅथलिक रुग्णालय हाच एकमेव आसरा उरला.

या खटल्याकडे ‘राज्य विरुद्ध धर्म’ अशा नजरेने पाहिले जाते. आम्हाला त्याआधी एक घरचा प्रश्न विचारावासा वाटतो: चर्चची शिकवण अशा स्त्रीला दारातून परत पाठवा असे सांगते काय?

सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या वर्गात दुहेरी परिणामाचे तत्त्व शिकवले जाते. एकाच कृतीचे दोन परिणाम होतात, एक इष्ट आणि एक अनिष्ट. कृती मुळात वाईट नसेल, अनिष्ट परिणाम हे इष्ट परिणामाचे साधन नसेल, तो हेतूही नसेल, आणि कारण तेवढेच गंभीर असेल, तर ती कृती करता येते. अमेरिकन बिशपांच्या परिषदेने कॅथलिक रुग्णालयांसाठी जे नीतिनिर्देश घालून दिले आहेत त्यांतील ४५ वा निर्देश थेट गर्भपाताला मनाई करतो. परंतु दोनच क्रमांक पुढे, ४७ वा निर्देश असे सांगतो की, गरोदर स्त्रीच्या गंभीर व्याधीवर थेट इलाज करणारे उपचार, ते बाळ जगू शकेल तोवर सुरक्षितपणे लांबवता येत नसतील, तर त्यातून गर्भाचा मृत्यू ओढवला तरी करता येतात. गर्भाशयात जंतुसंसर्ग पसरू लागला असता प्रसूती घडवून आणणे याच तत्त्वात बसते, असे अनेक निष्ठावंत कॅथलिक नीतिज्ञ मानतात. वाद आहे तो ‘केव्हा’ याविषयी. ताप चढेपर्यंत थांबावयाचे? रक्तदाब कोसळेपर्यंत? संसर्ग अटळ आहे हे ज्ञात असताना तो प्रत्यक्ष दिसेपर्यंत हात बांधून बसावयाचे? निर्देशाच्या शब्दांत या प्रश्नांचे उत्तर नाही. ते डॉक्टरच्या निदानात असते. आणि घाबरलेल्या डॉक्टरचे निदान नेहमीच उशिरा होते.

या उशिराची किंमत काय असते हे आपल्या भागातील लोकांना सांगावयाची गरज नसावी. बेळगावहून आयर्लंडमध्ये गेलेल्या डॉ. सविता हलप्पनवार या दंतवैद्य तरुणीचा २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवे येथील रुग्णालयात मृत्यू झाला. सतरा आठवड्यांचा तिचा गर्भ वाचणार नव्हता. तिने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. हृदयाचे ठोके सुरू आहेत म्हणून ती नाकारली गेली. रक्तात विष भिनून ती गेली. आयर्लंडच्या आरोग्यसेवेने केलेल्या चौकशीत, रुग्णाच्या प्रकृतीवर नीट लक्ष ठेवले न गेल्याचे आणि हृदयाचे ठोके थांबेपर्यंत हस्तक्षेप न करण्यावर अवाजवी भर दिल्याचे दोष नोंदवले गेले. आयर्लंडने १९८३ मध्ये राज्यघटनेत गर्भाच्या जीविताची हमी लिहिली होती. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती पुसून टाकली. सविताचे छायाचित्र त्या प्रचारात सर्वत्र होते. एका जागी, एका वॉर्डात, दोन-तीन दिवसांच्या अवधीत जो निर्णय घेतला गेला नाही, त्याने एका कॅथलिक राष्ट्राची घटना बदलली.

अमेरिकेतही असे घडले आहे. जॉर्जियातील अठ्ठावीस वर्षांची एक माता २०२२ मध्ये मरण पावली. ती दुसऱ्या राज्यात जाऊन गोळ्या घेऊन आली होती, गर्भाचा अंश आत राहून संसर्ग झाला, आणि गर्भाशय साफ करण्याची नित्याची शस्त्रक्रिया जवळजवळ वीस तास लांबली. तिचा मृत्यू टाळता येण्याजोगा होता असा निष्कर्ष राज्याच्याच माता-मृत्यू समितीने काढला. एक बाजू म्हणते, गोळ्यांनी मारले. दुसरी म्हणते, कायद्याने मारले. दोघांनाही आपापल्या फलकासाठी ती हवी आहे. आमच्या मते दोन्ही गोष्टी एकाच शवपेटीत आहेत: टपालाने वा हातोहात दिल्या जाणाऱ्या गोळ्यांमागे जबाबदार माणूस उभा नसतो हेही खरे, आणि धास्तावलेला शल्यविशारद मदतीला उशिरा येतो हेही खरे. टेक्ससच्या विधिमंडळाने मे २०२५ मध्ये, बंदी कायम ठेवून, मातेच्या जिवाला धोका असताना डॉक्टरांना काय करता येईल याचा स्पष्ट खुलासा करणारा कायदा संमत केला. तीन वर्षे उशिरा का होईना, तो केला हे बरे झाले.

चर्चच्या आतही याबाबत एकवाक्यता नव्हती व नाही. ॲरिझोनातील फिनिक्स येथील सेंट जोसेफ रुग्णालयात नोव्हेंबर २००९ मध्ये चार मुलांची आई असलेल्या, अकरा आठवड्यांच्या गरोदर स्त्रीला फुप्फुसातील रक्तदाबाचा असाध्य विकार जडला. गर्भ राहू दिल्यास दोघांचाही मृत्यू निश्चित असे डॉक्टरांचे मत पडले. नीतिसमितीवरील मर्सी संघाच्या एका धर्मभगिनीने गर्भपातास संमती दिली. स्थानिक बिशपांनी ती भगिनी बहिष्कृत झाल्याचे सांगितले आणि डिसेंबर २०१० मध्ये रुग्णालयाचा ‘कॅथलिक’ हा दर्जा काढून घेतला. पुढे ती भगिनी पुन्हा सहभागितेत सामावली गेली. त्या बिशपांचा तर्क नियमानुसार होता हे आम्ही नाकारीत नाही. थेट गर्भाला संपवूनच मातेला वाचवले गेले असेल तर दुहेरी परिणामाचे तत्त्व तेथे लागू पडत नाही. तरीही घरी वाट पाहणाऱ्या चार मुलांचा विचार मनातून जात नाही. तो जाऊ नयेही.

असे प्रसंग क्वचित घडतात, त्यांचा एवढा ऊहापोह कशाला, असे काही वाचक म्हणतील. अमेरिकेच्या कॅथलिक आरोग्यसंघाच्या सांगण्यानुसार तेथील दर सात रुग्णांपैकी एकाहून अधिक रुग्णाची शुश्रूषा कॅथलिक रुग्णालयात होते. मोठ्या शहरात रुग्णाला दुसरे दार शोधता येते. हम्बोल्टसारख्या जिल्ह्यात आपलेच दार शेवटचे असते. ज्याचे दार शेवटचे आहे त्याच्यावर येणारी जबाबदारी वेगळी असते, आणि ती कॅलिफोर्नियाचे सरकार सांगते म्हणून नव्हे. शब्बाथाच्या दिवशी खड्ड्यात पडलेल्या मेंढराला बाहेर काढण्याविषयी प्रभू येशूने काय विचारले होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे.

एवढे स्पष्टपणे बोलल्यानंतर राज्यांनाही दोन शब्द सुनावण्याचा अधिकार आम्हाला पोहोचतो असे वाटते. संकटात सापडलेल्या स्त्रीला उपचार द्या असे सांगणे वेगळे, आणि गर्भपातात आर्थिक सहभाग घ्या असे बजावणे वेगळे. ऑगस्ट २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने सर्व आरोग्य विमा योजनांत गर्भपाताचा समावेश सक्तीचा केला. सांता क्लारा आणि लॉयोला मेरीमाउंट या येशूसंघीय विद्यापीठांनी त्याआधीच्या वर्षी आपल्या कर्मचाऱ्यांच्या योजनेतून तो वगळला होता. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये तोच नियम आणला आणि २०२२ मध्ये त्याचा कायदा केला. त्यात धार्मिक संस्थांना सूट आहे, पण कोणाला? प्रामुख्याने स्वधर्मीयांना नोकरी देणाऱ्या आणि प्रामुख्याने स्वधर्मीयांचीच सेवा करणाऱ्या संस्थेला! ऑल्बनी धर्मप्रांत, वृद्धांसाठीचे एक कॅथलिक शुश्रूषागृह आणि इतर काही ख्रिस्ती संस्था त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या.

ही अट वाचून आपल्या देशातील कोणत्याही मिशन-रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्या धर्मभगिनीला हसावे की रडावे हे कळणार नाही. आपल्या दवाखान्यांतून, शाळांतून, वृद्धाश्रमांतून येणाऱ्यांपैकी ख्रिस्ती किती असतात? शंभरात पाच-दहा. कोणत्याही जातिधर्माच्या माणसाची सेवा करणे हेच जर आमच्या श्रद्धेचे आचरण असेल, तर त्या सेवेमुळेच आम्ही ‘पुरेसे धार्मिक’ नाही असे ठरवणारा कायदा धर्माला देवघरात कोंडून ठेवू पाहतो. याला उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ जून २०२५ रोजी विस्कॉन्सिनच्या एका वेगळ्या, बेकारी विम्याच्या करासंबंधीच्या खटल्यात दिले. कॅथलिक सेवासंस्था परधर्मीयांची सेवा करते आणि त्यांना धर्मोपदेश करीत नाही, एवढ्यावरून तिला करातील धार्मिक सवलत नाकारता येणार नाही, असा एकमुखी निर्णय झाला. निकालपत्र न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचे. त्याच सोटोमायोर ‘डॉब्ज’च्या निकालात अल्पमतात होत्या. अकरा दिवसांनंतर न्यायालयाने न्यूयॉर्कचा खटला या निकालाच्या प्रकाशात पुनर्विचारासाठी खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याची बाजू दरवेळी ‘आपल्या’ न्यायाधीशांकडूनच उचलली जाते असे नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्या देशात हा वाद इतका पेटलेला नाही. त्यामुळे आपली स्थिती सुरक्षित आहे असा समज मात्र करून घेऊ नये. १९७१ च्या कायद्याने भारतात गर्भपात विशिष्ट अटींवर कायदेशीर झाला. २०२१ च्या दुरुस्तीने काही वर्गांतील स्त्रियांसाठी मुदत २० वरून २४ आठवड्यांवर गेली. त्या दुरुस्तीच्या मागणीला ज्या प्रकरणाने देशभर तोंड फोडले ते मुंबई उच्च न्यायालयातच २००८ मध्ये गाजले होते. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विवाहित-अविवाहित हा भेदही दूर केला. ब्रिटनच्या १९६७ च्या कायद्यात डॉक्टरांच्या सद्सद्विवेकासाठी स्वतंत्र कलम आहे; आपल्या कायद्यात तसे नाही. उलट भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत असे म्हटले आहे की, वैद्यकीय कारण असताना केवळ धर्माच्या आधारावर डॉक्टरने गर्भपातास साहाय्य नाकारू नये. हा नियम किती कॅथलिक डॉक्टरांनी वाचला आहे याची आम्हाला शंका आहे.

आणि निवडीच्या स्वातंत्र्याची भाषा आपल्या मातीत कशी उगवते तेही विसरता येणार नाही. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला, आणि तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ च होत्या; २००१ मध्ये त्या ९१३ होत्या. त्या नाहीशा झालेल्या मुलींच्या आयांनी ‘निवड’ केली होती असे म्हणणे हा क्रूर विनोद ठरेल. निवड सासरच्या ओसरीवर झाली होती.

पोप जॉन पॉल दुसरे यांचे ‘एव्हांजेलियुम व्हिते’ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. शिकागोचे कार्डिनल बर्नार्डिन यांनी त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, गर्भातील जीवापासून फाशीच्या कोठडीपर्यंत जीवनाचा आदर अखंड असावा ही भूमिका मांडली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी, गर्भपाताला विरोध करून मृत्युदंडाचे समर्थन करणारा माणूस खऱ्या अर्थाने जीवनवादी ठरत नाही, अशा आशयाचे उद्गार काढले तेव्हा अमेरिकेत अनेकांना ते रुचले नाहीत. बाळंतपणाच्या पगारी रजेची राष्ट्रव्यापी सक्ती नसलेल्या त्या देशात हे उद्गार आणखी पुढे नेता येतील.

नोव्हेंबर २०२६ मध्ये नेवाडाच्या मतदारांनी आपल्या निर्णयावर, घटनेच्या नियमानुसार, दुसऱ्यांदा शिक्कामोर्तब करावयाचे, तर मिसुरीत २०२४ ची दुरुस्ती रद्द करण्याचा प्रस्ताव त्याच मतपत्रिकेवर ठेवावयाचा, असे ठरले आहे. ते निकाल काहीही लागोत, ज्यांच्या घरातील मुली परिचारिका म्हणून त्या देशात जाण्याची तयारी करीत आहेत त्यांना आजच उपयोगी पडेल असे एक सांगून ठेवतो. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेला, गर्भपातात सहभागी होण्यास श्रद्धेमुळे नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याविरुद्ध भेदभाव करण्यास मनाई करणारा राष्ट्रीय कायदा तेथे १९७३ पासून आहे. त्याला ‘चर्च दुरुस्ती’ म्हणतात. त्यातील चर्च म्हणजे आपली ख्रिस्तसभा नव्हे, ते आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च यांचे आडनाव आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही परिचारिकेला नकाराचा हक्क आहे. परंतु तो नकार आधी लेखी द्यावा लागतो, आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी किंवा गर्भ आपोआप पडत असताना तो चालत नाही. त्यामुळे नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी तो लेखी अर्ज कोणाकडे द्यावयाचा हे विचारून घ्यावे, आणि रुग्णालयाच्या नीतिसमितीवर कोण आहे हेही.